आरशाआधीचा कान

मान्युएल गार्सिया (१८०५–१९०६) या गायनगुरूंचे नाव निघाले की आरशाची कथा हमखास येते. १८५४ मध्ये दंतवैद्याचा इवलासा आरसा घशाशी धरून, सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने त्यांनी स्वतःचेच स्वरतंतू पाहिले. पुढल्या वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ती निरीक्षणे मांडली गेली. वैद्यकाने त्यांचे ऋण मानले ते योग्यच. परंतु या कथेने त्यांच्यातील शिक्षक झाकोळला.

१८२५ मध्ये न्यूयॉर्कला वडिलांच्या ऑपेरा मंडळीत ते गायले. पण रंगमंच लवकरच सुटला. १८४१ मध्ये जेनी लिंड ही स्वीडिश गायिका थकलेला आवाज घेऊन पॅरिसला त्यांच्याकडे आली. पहिला धडा मिळाला तो मौनाचा! काही आठवडे गायचे नाही, बोलायचेही अगदी बेताने. शिकवणी त्यानंतर. हे निदान आरशाच्या तेरा वर्षे आधीचे, निव्वळ कानाने केलेले.

त्यांच्या ग्रंथातील ‘कू द ग्लोत’, म्हणजे स्वरारंभी ध्वनिद्वार नेमके मिटवून उघडणे, या संकल्पनेचा मात्र पुढे विपर्यास झाला. शब्दशः अर्थ ‘कंठद्वाराचा आघात’. तेव्हा कित्येकांनी आघातच शिकवला आणि शिष्यांचे गळे सोलवटले. वास्तविक, खोकल्यासारख्या छातीच्या धक्क्याशी याची गल्लत करू नये, असे गार्सियांनी स्पष्ट बजावले होते. ग्रंथकाराला दोष द्यायचाच तर एवढाच, की इतक्या नाजूक क्रियेला त्यांनी इतके कठोर नाव दिले.