गुडघा कसा आहे?

आमच्या मामांची सासुरवाडी बारामतीची आणि शेती इंदापूर तालुक्यात, नीरा डाव्या कालव्याच्या टेलला. त्यामुळे जनसंपर्क या विषयातला त्यांचा अधिकार मोठा. त्यांच्या मते जनसंपर्क म्हणजे दोनच गोष्टी : लग्नाला अक्षता पडण्याआधी पोचणं आणि मयतीला तिरडी उचलण्याआधी. बाकी सगळी छपाई.

२०२४ साली मात्र हा सिद्धान्त अडचणीत आला. बारामतीत लोकसभेला सुनेत्रा पवार दीड लाखाहून जास्त मतांनी हरल्या आणि विधानसभेसाठी अजित पवारांच्या पक्षाने चक्क 'डिझाइनबॉक्स्ड' नावाची कंपनी नेमली. (पूर्वी पुढारी कारखाने काढीत, आता कंपनी पुढारी काढते.) ऑगस्टमध्ये जनसन्मान यात्रा निघाली ती गुलाबी जाकिटात. ज्या माणसाची ख्याती भल्या पहाटे कामाला लागण्याची आणि 'होणार नाही' हे तोंडावर सांगण्याची, त्याला गुलाबी! समीक्षक म्हणून मी त्या वेळी वेशभूषेला शून्य मार्क दिले होते. पण प्रयोग हाउसफुल्ल झाला. पक्षाचे ४१ आमदार आले, बारामतीची जागा लाखाच्या फरकाने राहिली. आता श्रेय जाकिटाचं, की लाडक्या बहिणीच्या दरमहा १५०० रुपयांचं? कंपनी काय म्हणणार, ते तुम्हीच ओळखा.

याच्या उलट साताऱ्याची सभा, १८ ऑक्टोबर २०१९. शरद पवार भर पावसात बोलत राहिले. ना छत्री, ना कंपनी. पण तो प्रयोग पुन्हा लावायचा कसा? पाऊस कुणाकडे बुक करणार?

इंदापुरात तर रंगाचीच भानगड. २०१४, २०१९, २०२४, तिन्ही वेळा नट तेच : दत्तात्रय भरणे आणि हर्षवर्धन पाटील. भरण्यांचं घड्याळ कायम. पाटलांच्या हाती आधी पंजा, मग कमळ, मग तुतारी. तिन्ही वेळा भरणेच निवडून आले. मामा म्हणतात, "फ्लेक्सवाल्याची पोरं शिकली यात."

आणि कालवा? वीर धरणाचं पाणी बारामती ओलांडून टेलला येईपर्यंत चारीत ओल तेवढी उरते, असं मामांचं जुनं दुखणं. आवर्तनाच्या तारखा कुठल्या जाकिटावर छापलेल्या मी पाहिल्या नाहीत.

परवा तिकडे एका लग्नाला गेलो. मामा तयारीनेच आलेले. खिशात पाण्याचा अर्ज. वाटेत दोनदा मला वाचूनही दाखवला. मुहूर्त टळून अर्धा तास झाला आणि एक पुढारी आले. (नाव कशाला? आपल्याला पुन्हा जेवायला जायचंय.) मागच्या पोराने मोबाईल बघून कानात काहीतरी पुटपुटलं. पुढाऱ्यांनी थेट मामांच्या खांद्यावर हात टाकला : "मामा, गुडघा कसा आहे?"

मामा विरघळले. दोन मिनिटं गुडघ्यावर बोलले. फोटो झाला, गाडी गेली.

परतीच्या एस.टी.त भिगवण गेल्यावर त्यांचा हात खिशाकडे गेला.

"अरे, अर्ज राहिलाच की!"

मी काही बोललो नाही. थोड्या वेळाने तेच म्हणाले,

"पण काय रे, गुडघ्याचं त्याला कळलं कसं?"