डोळ्यांना दिसले तसे

एखाद्या कादंबरीतील निसर्गवर्णन रुक्ष वाटले की 'हे नुसते छायाचित्रण झाले' असा शेरा आपण टीकाकार सहज मारतो. वर्गात शिकवितानाही तो शब्द आपल्या हाताशी असतो. त्यामागे अशी समजूत आहे की, छायाचित्र म्हणजे समोरच्या दृश्याची यंत्राने उतरविलेली नक्कल. तीत घेणाऱ्याचे स्वतःचे काही नाही. ही समजूत खुद्द छायाचित्रकारांनीच केव्हाच मोडीत काढली आहे.

गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५६-५७ च्या सुमारास समुद्राची चित्रे घेतली. त्या काळची कलोडियनची काच निळ्या प्रकाशाला फार हळवी. पाणी नीट उमटेपर्यंत वेळ द्यावा तर आकाश कोरे पांढरे होई. ढग सांभाळावेत तर पाणी काळवंडे. किनाऱ्यावर उभ्या माणसाला मात्र दोन्ही दिसत होते. म्हणून ल ग्रेने काही चित्रांत आकाशाची एक व समुद्राची दुसरी अशा दोन निगेटिव्ह क्षितिजरेषेवर सांधून प्रत काढली. हिला लबाडी म्हणावे काय?

आम्ही म्हणणार नाही. डोळा दृश्य एका दमात घेतच नाही. त्याला अगदी स्पष्ट दिसते ते एक-दोन अंशांच्या टापूत. ढगांकडे वळला की बाहुली आकसते, सावलीत शिरला की रुंदावते, आणि या तुकड्यांतून मन एक देखावा जुळविते. कॅमेऱ्याची झडप एकदा उघडून मिटते ती या साऱ्या व्यवहारातील एका तुकड्यापुरती. तेव्हा सांधलेली प्रतच डोळ्यांच्या अधिक जवळची. आज खिशातला मोबाइल फोन अशी जुळणी न सांगता करतो आणि त्याचे कोणाला काही वाटत नाही. ल ग्रेने एकच आकाश निरनिराळ्या समुद्रांवर वापरले, येथे मात्र आम्ही अडखळतो. तसे आकाश कोणीही पाहिले असते. पण त्या समुद्रावर त्या घटकेला ते कोणीच पाहिलेले नव्हते.

'डोळ्यांना दिसले तसे केले' ही सबब कोठवर चालावी? क्षितिजालगतचा चंद्र आपणांस केवढा मोठा दिसतो! छायाचित्रात तोच टिकलीएवढा उतरतो, कारण आकाशात तो सुमारे अर्ध्या अंशाचाच, उगवताना तेवढा आणि माथ्यावर आल्यावरही जवळजवळ तेवढाच. मोठेपणा मनाचा. मग तो वाढवून छापावा काय? सबबीचा तर्क 'होय' म्हणतो. आमची जीभ रेटत नाही. ढग खरोखरच होते, ते प्रतीत परत आणले. हा मोठा चंद्र आकाशात कधी नव्हताच.

अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स याने १९४१ साली न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ या खेड्यावरचा चंद्रोदय टिपला. त्याने चंद्र लहानच ठेवला, आणि त्याची हाताळणी आकाशावर झाली. मावळत्या उन्हात चमकणारे दफनभूमीतील क्रूस, मागे बर्फाचे डोंगर, वर चंद्र. निगेटिव्ह एकच, १९४८ मध्ये त्याने तिचा खालचा भाग रसायनाने अधिक दाट केला, आणि अंधाऱ्या खोलीत वरच्या भागाला जादा प्रकाश देऊन आकाश वर्षानुवर्षे गडद करीत नेले. आरंभीच्या प्रतींत आकाश राखी आहे, त्यात विरळ ढगांच्या रेघा आहेत. उत्तरकालीन प्रतींत ते जवळजवळ काळे. सायंकाळची रात्र झाली. ॲडम्सने मात्र डोळ्यांची साक्ष काढली नाही. तरुणपणी तो पियानोचा अभ्यासक होता. निगेटिव्ह म्हणजे स्वरलिपी व प्रत म्हणजे वादन, असे तो म्हणे. आपल्याकडे एकाच बंदिशीची दोन गाणी ऐकून 'यांतले खरे कोणते' असे कोणी विचारीत नाही.

ही भूमिका आम्हांस सबबीपेक्षा प्रामाणिक वाटते. तरीही आमचा कल राखी प्रतीकडे आहे. काळ्या आकाशाखाली ते क्रूस अधिक उजळतात, दृश्य भव्य होते, हे कबूल. पण दिवस अजून पुरता मावळलेला नाही, मिनिटभरात ते ऊन जाईल, ही हुरहूर त्या फिकट ढगांच्या रेघांत होती, आणि काळ्या प्रतीत आम्हांस ती सापडत नाही.