ओटीपुढचे कुंपण

घर बांधताना माणूस नकाशा काढून घेतो, कौले घालावीत की स्लॅब टाकावी यावर चार रात्री वाद घालतो, देवघराची जागा दोनदा बदलतो. आणि कुंपणाची पाळी आली म्हणजे फाटके बनविणाऱ्या कारागिराकडे जाऊन भिंतीवरच्या नमुन्यांपैकी सर्वांत भरगच्च नमुन्यावर बोट ठेवतो. पैसा संपलेला असतो, पण हौस शिल्लक असते. त्या उरलेल्या हौसेचे जे स्मारक रस्त्याच्या कडेला उभे राहते त्याला आपण कुंपण म्हणतो. पुस्तकावर टीका होते, नाटकावर होते, चकलीच्या खुसखुशीतपणावर तर या दिवसांत घरोघर होते. कुंपणावर मात्र कोणी चकार शब्द काढीत नाही. वास्तविक पुस्तक न आवडल्यास मिटून ठेवता येते. शेजाऱ्याचे कुंपण मिटता येत नाही.

अशा टीकेला ठाण्याच्या बाळकुमसारखे गाव दुसरे नाही. जुन्या आग्रा रोडने ठाण्याहून भिवंडीकडे निघाले की कशेळीच्या पुलाआधी हे गाव लागते. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला दूरवर येऊरचा डोंगर, मध्ये जुने गावठाण आणि त्याला वेढून आकाशात घुसलेली संकुले. कौलारू घर, स्लॅबचे दुमजली घर आणि टॉवर हे तिघेही एका फेरफटक्यात भेटतात, आणि प्रत्येकाच्या कुंपणाची कुंडली तेथल्या तेथे मांडता येते.

या भागातल्या जुन्या घरांना कुंपण निवडण्याचा प्रश्नच पडत नसे. डोंगरातली कारवी आणायची, तिचा कुड उभा करायचा, त्यावर शेणमाती लिंपली की झाली भिंत. उरलेल्या कारव्या आणि बांबू परसात रोवले की झाले कुंपण. ज्याची भिंत त्याचेच कुंपण, मग ते शोभले नाही तरच नवल! भिंतीने अंगरखा घातला होता आणि कुंपण उघडेबंब होते, एवढाच काय तो फरक. आजच्या भाषेत ज्याला वास्तुशैलीशी सुसंगती म्हणतात, ती त्या माणसांना गरिबीने फुकट दिली होती.

समोरच्या बाजूला तर अनेकदा कुंपण नसेच. तेथे ओटी असे. घर कोठे संपते आणि गाव कोठे सुरू होते हे ओटीची कडा सांगत असे. येणाऱ्याने कोठवर यायचे, चपला कोठे काढायच्या, पाण्याचा तांब्या कोठे मिळणार, हे सारे त्या कडेला ठाऊक. अशा घरापुढे कुंपण घालायचेच झाले, तर ते ओटीला विचारून घातले पाहिजे. हिशेब सोपा आहे. जोते दोन फुटांचे धरा. ओटीवर मांडी घालून बसलेल्या माणसाचे डोळे जोत्याच्या वर सुमारे अडीच फुटांवर असतात. म्हणजे जमिनीपासून साडेचार फूट. याहून उंच भरीव भिंत घातली की बसलेल्याला वाटसरूचे तोंडही दिसायचे नाही. भिंत तीन, फार तर साडेतीन फुटांची ठेवली, तर रस्त्याने जाणाऱ्याची चौकशी बसल्या जागेवरून करता येते. आता जुन्या कौलारू घरापुढे सहा फुटांची सिमेंटची भिंत उभी करून वर काचांचे तुकडे खोचले, तर ज्या म्हातारीचा दिवस ओटीवर जायचा तिच्यापुढे प्लॅस्टर उरते. मग ती आत जाऊन बसते. कुंपणाने शेत खाल्ल्याची म्हण आपल्याकडे आहे. येथे कुंपण घर खाते.

चोरांचे काय, असा प्रश्न येईल. उंच भिंतीवरून चोर एकदा आत उतरला, की तीच भिंत त्याला रस्त्यावरच्या नजरांपासून लपविते. ओटीवर बसलेली म्हातारी हा त्याहून चांगला बंदोबस्त आहे.

स्लॅबच्या घराची गोष्ट निराळी. त्याच्या रेषा आडव्या: छज्जा आडवा, गच्चीचा कठडा आडवा, खिडक्या आडव्या पसरलेल्या. त्यापुढे भाल्याच्या टोकांचे उभे गज लावले म्हणजे बुशशर्टावर तलवार बांधल्यासारखे दिसते. त्यातही सिमेंटच्या साच्यातले सुरईच्या आकाराचे खांब, फाटकावर दोन सिंह आणि पत्र्यातून कापून काढलेला नाचरा मोर! एकेक वस्तू वाईट असतेच असे नाही. पण चार पाहुणे एकाच वेळी बोलू लागले की कोणाचेच ऐकू येत नाही. मुंबईला मरीन ड्राइव्हवर आणि ओव्हल मैदानासमोर 1930 नंतर उठलेल्या इमारती जाऊन पाहाव्यात. 2018 साली त्यांना जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले. सज्ज्याच्या पट्ट्या, जिन्याची जाळी आणि फाटक यांत एकच नक्षी फिरताना तेथे पुष्कळदा आढळते. फाटक पाहिले की घर कसे असेल याची अटकळ बांधता येते. केरळात लॉरी बेकर यांनी उघड्या विटांची घरे बांधली आणि विटांमध्येच भोके ठेवून जाळी केली. वारा आत, नजर अर्धी बाहेर, आणि गिलाव्याचा खर्च नाही. विटांचे घर असेल तर कुंपणासाठी पुन्हा पोलादाच्या दुकानात जायचे कारण काय?

टॉवरच्या कुंपणाबद्दल थोडक्यात आटोपतो, कारण त्यात निवड करणारा रहिवासी नसतोच. राष्ट्रीय इमारत संहिता सांगते की आवारभिंत दीड मीटरपर्यंत असावी, 2.4 मीटरपर्यंत न्यायची असेल तर वरचे 0.9 मीटर आरपार दिसेल असे ठेवावे. ही रुक्ष वाक्ये लिहिणाऱ्यास सौंदर्यदृष्टी नव्हती असे कोण म्हणेल? पण त्या मोकळ्या भागावर हिरवे कापड किंवा पत्रा ठोकला की नियम कागदावर राहतो, आणि भिंतीकडेने चालणाऱ्या गावकऱ्याला नुसती पाठ दाखविली जाते.

बाळकुमच्या हवेसाठी एक गोष्ट मात्र आवर्जून सांगावीशी वाटते. खाडीच्या दमट खाऱ्या वाऱ्यात लोखंडी जाळी दोन पावसाळ्यांत तांबडी पडू लागते. दरवर्षी घासून रंग देणार असाल तरच लोखंडाच्या वाटेस जावे. कोयनेल ही तर खाडीकाठचीच झुडपी. खारट जमीन तिला माहेरासारखी, गुरे तिला सहसा तोंड लावीत नाहीत, आणि कापाल त्या उंचीला ती राहते. काळ्या दगडाचा दीड फुटाचा बांध, त्यावर दोन फूट कोयनेल: कौलारू घराला हे शोभते आणि स्लॅबच्या घरालाही. पावसाळ्यात तिला पुन्हा पुन्हा कात्री लावावी लागते, एवढा जाच आहे. बांधाचा माथा सपाट ठेवावा, पणत्या नीट बसतात. आणि फाटक आतल्या बाजूला उघडणारे करावे. बाहेर उघडले, तर सकाळी दूधवाला येईपर्यंतसुद्धा रांगोळी टिकत नाही.