प्रायोगिक अनुबोधपट आणि आश्रयाचे स्वरूप

१९४८ साली स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनचा हेतू शासकीय प्रबोधनाचा होता. १९६५ ते १९६७ या काळात जाँ भावनगरी मुख्य सल्लागार असताना तेथे प्रयोगाला वाव मिळाला. प्रमोद पती यांचा ‘एक्स्प्लोरर’ (१९६८) ही त्या वातावरणाचीच परिणती होय. मात्र ही मोकळीक मुख्यतः मांडणीपुरती होती. चित्रपटाचे प्रयोजन संस्थाच ठरवीत असे.

याउलट १९६९ मध्ये अकबर पदमसी यांनी नेहरू फेलोशिपच्या आधारे मुंबईत ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’ उभारले. तेथे चित्रकार व चित्रपटकार यांना जागा, साधने आणि परस्परांचा सहवास लाभला. नलिनी मलानी यांचे आरंभीचे चित्रपट तेथलेच. विषयाचे बंधन तेथे नव्हते. परंतु १९७२ मध्ये हा उपक्रमही थांबला.

एकीकडे स्थैर्य होते पण स्वातंत्र्य मर्यादित. दुसरीकडे स्वातंत्र्य होते पण स्थैर्य नव्हते. दोन्हीकडे प्रयोगाची भिस्त व्यक्तीच्या औदार्यावरच राहिली. फलिताची हमी न मागता कलावंताला अवधी देणे, हा संस्थेचा नियम झाला नाही. २०२२ मध्ये फिल्म्स डिव्हिजन राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाल्यावर ही उणीव अधिकच ठळक होते.