पंचांच्या डोळ्यांदेखत

धंदेवाईक फूटबॉलांतील लबाडीचा विषय निघाला म्हणजे माराडोना व सुआरेझ हीं दोन नांवें एकाच दमांत उच्चारण्याची चाल पडली आहे. ही गल्लत आम्हांस मान्य नाहीं.

२२ जून १९८६ रोजीं मेक्सिको शहरांत, विश्वचषकाच्या उपान्त्यपूर्व सामन्यांत, अर्जेंटिनाच्या माराडोनानें इंग्लंडविरुद्ध चेंडू हातानें गोलांत लोटला. पंचांस तें दिसलें नाहीं. त्यानें गोलाचा आनंद साजरा केला, आणि मागाहून त्या हाताचें श्रेय देवाच्या पदरीं बांधून तो मोकळा झाला! चारच मिनिटांनीं त्यानें केलेल्या अलौकिक गोलाच्या तेजांत पहिल्याचा डाग झांकून गेला. रसिकांची ही क्षमाशीलता आम्हांस पटत नाहीं. कवीस एक ओवी उत्तम साधली म्हणून शेजारची चोरलेली ओवी कांहीं त्याची होत नाहीं.

सुआरेझची गोष्ट निराळी. २ जुलै २०१० रोजीं जोहान्सबर्ग येथें घाना व उरुग्वे यांची १-१ अशी बरोबरी असतां, जादा वेळेच्या अगदीं शेवटीं, त्यानें गोलरेषेवरून चेंडू हातांनीं परतविला. त्यास तांबडें कार्ड व घानास पेनल्टी मिळाली. ग्यानचा चेंडू आडव्या दांड्यावर आदळला, आणि पुढील पेनल्टींच्या निकालांत उरुग्वे ४-२ नें जिंकलें. उपान्त्य फेरी गांठणारा पहिला आफ्रिकी संघ होण्याचा मान घानाच्या हातून गेला. तो २०२२ सालीं मोरोक्कोस मिळाला. आम्हांसही हळहळ वाटते. परंतु येथें फसविलें कोणास? लपविण्याजोगें कांहीं नव्हतेंच. नियमानें किंमत सांगितली होती, ती सुआरेझनें मोजली. किंमतच हलकी! खात्रीचा गोल घेऊन नियम त्याच्या मोबदल्यांत पेनल्टी देतो, आणि चारांत सुमारें एक पेनल्टी वायां जाते.

आश्चर्य हें कीं, हेंच दुखणें १८९१ सालीं इंग्लंडांत उघडें पडलें होतें. नॉट्स कौंटीच्या एका खेळाडूनें स्टोकचा गोल हातानें अडविला. त्या काळीं पेनल्टी नव्हती. गोलरक्षक चेंडूसमोर ठाण मांडून उभा राहिला आणि स्टोक १-० नें हरलें. आयर्लंडांतील विल्यम मॅक्रम या गोलरक्षकाची पेनल्टीची सूचना आधींपासून पडून होती; ती त्याच वर्षीं मान्य झाली. सभ्य गृहस्थ जाणूनबुजून अपराध करतील ही कल्पनाच कित्येक हौशी खेळाडूंस अपमानास्पद वाटली होती. किती भाबडा हा अभिमान!

२०१८ पासून विश्वचषकांत चित्रफीत पाहणारे पंच बसतात. माराडोनाचा हात आज लपणार नाहीं; सुआरेझच्या बाबतींत मात्र त्यांनीं काय निराळें केलें असतें? रग्बींत, अपराधामुळें हुकलेला ट्राय पंच देऊन टाकतात. फूटबॉलांत तसें केल्यास तर्कावर गोल द्यावे लागतील, असा आक्षेप आहे. इतर प्रसंगीं तो खराही ठरेल. जोहान्सबर्गला मात्र तर्क करण्यास जागाच नव्हती. त्या हातांमागें केवळ जाळें होतें.