टीका आणि निंदा

सभ्यपणानें बोला म्हटलें कीं स्पष्टवक्त्यास वाटतें, हा आपलें तोंड बंद करण्याचा डाव आहे. आणि स्पष्ट बोला म्हटलें कीं शिवराळ मनुष्यास वाटतें, आपणांस परवानाच मिळाला. दोघांचाही समज चुकीचा आहे. परंतु जेथें जेथें चारचौघांत मतांची देवघेव चालते, तेथें तेथें कोणास बोलूं द्यावें व कोणास आवरावें याचा निर्णय कोणास तरी करावाच लागतो. त्याची कसोटी आपल्या वाङ्मयाच्या इतिहासांतच शोधतां येईल असें आम्हांस वाटतें.

'केसरी' 1881 सालीं निघाला. त्यांतील कोल्हापूर प्रकरणाच्या लेखांवरून दिवाण बर्वे यांनीं अब्रुनुकसानीची फिर्याद केली, आणि 1882 सालीं टिळक व आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा होऊन डोंगरीच्या तुरुंगांत 101 दिवस काढावे लागले. या प्रसंगाकडे कौतुकानें पाहण्याची आपली रीत आहे, व लेखकांचा हेतु शुद्ध होता यांत शंका नाहीं. तरी त्यांतील खरा बोध निराळा आहे. ज्या पत्रांवर त्यांनीं भिस्त ठेविली तीं बनावट निघालीं, आणि या दोघां मानी पुरुषांनीं क्षमा मागितली. मत कितीही कडक असो, तें मांडण्याचा हक्क आहे. खोट्या गोष्टीस तो हक्क नाहीं, मग ती सांगणारा कितीही थोर असो.

दुसरी कसोटी कायद्यांत आहे. 1860 च्या दंडसंहितेच्या 499 व्या कलमाचा सहावा अपवाद प्रत्येक टीकाकारानें वाचण्यासारखा आहे. ग्रंथ बाष्कळ आहे, तेव्हां ग्रंथकार दुबळ्या बुद्धीचा असावा, असें म्हणणारा त्या अपवादांत बसतो. पण ग्रंथकार दुर्वर्तनी आहे, तेव्हां ग्रंथ असा निघाला यांत नवल काय, असें म्हणणारा बसत नाहीं. शब्द जवळजवळ तेच, चाल मात्र उलटी! ती संहिता जाऊन 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली, तरी तिच्या 356 व्या कलमांत हा विवेक कायम आहे.

परंतु कायद्यांतून सुटलेली प्रत्येक टीका न्याय्य असतेच असें नाहीं. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं 1874 सालीं सुरू केलेल्या 'निबंधमाले'ची भाषा मराठी गद्याचें भूषण होय, हें आम्हीही मानतों. तथापि जोतीराव फुले यांचा समाचार घेतांना शास्त्रीबोवांनीं त्यांच्या व्याकरणाची जी थट्टा केली, ती आज वाचवत नाहीं. ज्या समाजास विद्येपासून दूर ठेवलें, त्यांतील लेखकाचें व्याकरण चुकलें म्हणून हंसणें सोपें. त्याचा प्रश्न मात्र तसाच उभा राहतो. यावरून दिसतें कीं एकही अपशब्द न वापरतां मनुष्याचा अपमान करतां येतो. असभ्य शब्दांची यादी करून आक्षेपार्ह लेखन वगळूं पाहणाऱ्या संपादकाच्या हातून असला लेख सहज निसटेल, आणि एखाद्या दुखावलेल्या मनुष्याचें खरखरीत पण खरें पत्र मात्र टोपलींत जाईल.

उलट बाजूही पाहावी. 1888 सालीं आगरकरांनीं 'सुधारक' काढला. त्यांची भाषा मवाळ नव्हती. बालविवाह, विधवांचें केशवपन यांवर ते निर्दयपणें तुटून पडत. पण त्यांचा प्रहार रूढीवर असे. त्यांना मिळालेलें उत्तर मात्र त्यांच्या देहावर होतें : पुण्यांत त्यांची जिवंतपणीं प्रेतयात्रा निघाली. आगरकर डगमगले नाहींत. म्हणून कांहीं लोक म्हणतात, निंदेनें कोणाचें काय बिघडतें? बिघडतें तें असें कीं, आगरकरांची छाती प्रत्येकास नसते. ती मिरवणूक पाहून ज्यांनीं आपली लेखणी खालीं ठेविली असेल, त्यांचीं नांवें इतिहासांत येणें शक्यच नाहीं.

आगरकरांना प्रिय असलेल्या मिल्लनें 1859 सालच्या आपल्या स्वातंत्र्यावरील ग्रंथांत हेंच ओळखलें होतें. कठोर शब्दांबद्दल दोष लागतो तो बहुधा दुबळ्या पक्षाला. बहुमताच्या बाजूनें केलेली निंदा मात्र खपून जाते, आणि तीच विरोधी मताला अधिक दडपते. कायद्यानें दोन्ही पक्षांना आवरावें असें मिल्ल म्हणत नाहीं. तो निवाडा तो लोकमतावर सोंपवितो. आम्हांसही तेंच योग्य वाटतें.

तेव्हां मर्यादा घालणाराचें काम शब्द मोजण्याचें नव्हे. सांगितलेली गोष्ट खरी आहे काय, प्रहार मतावर आहे कीं माणसावर, आणि या बोलण्यानें कोणाचें बोलणें बंद पडणार आहे, हे तीन प्रश्न त्यानें विचारावे. नियम आधीं जाहीर करावा, आणि तो प्रथम आपल्या मित्रांना लावावा. कारण विरोधकाचें पत्र परत करण्यास धैर्य लागत नाहीं. परत करावयाचेंच झाल्यास, व्यक्तीवरील वाक्यें काढा व विचार ठेवा, एवढें सांगून करावें. ज्याच्यापाशीं विचार असेल तो पत्र पुन्हा लिहील. ज्याच्यापाशीं नुसती निंदाच होती, त्याच्या मौनानें चर्चेचें कांहीं नुकसान होत नाहीं.