खोली आणि उंची : डीप हाऊस व मेलोडिक नृत्यसंगीताच्या नव्या प्रकाशनांचा लयदृष्टीने विचार

प्रस्तावना

गोव्यात २००७ साली सुरू झालेला 'सनबर्न' महोत्सव २०१६ साली पुण्यात आला. इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत महाविद्यालयीन तरुणांच्या नित्य श्रवणाचा भाग झाले, त्यालाही आता बराच काळ लोटला आहे. मराठी समीक्षेत मात्र या संगीताची बोळवण बहुधा 'धांगडधिंगा' या एका शब्दावर होते. एखाद्या कलाप्रकारातील सरस आणि नीरस यांत भेद करता येत नसेल, तर दोष त्या प्रकाराचाच असतो असे नाही. निकषांचा अभाव हेही त्याचे कारण असू शकते. बा. सी. मर्ढेकर यांनी 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) या ग्रंथात संवाद, विरोध आणि समतोल ही लयीची तीन तत्त्वे मांडली. त्या तत्त्वांच्या आधारे २०१८ ते २०२४ या काळातील काही प्रकाशनांचे मूल्यमापन करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

'डीप' या विशेषणाचा अर्थ

हाऊस संगीताचा जन्म शिकागो शहरातला. तेथील 'वेअरहाऊस' या नृत्यगृहात १९७७ पासून फ्रँकी नकल्स तबकड्या वाजवीत असत. तेथे येणारा वर्ग प्रामुख्याने कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि समलिंगी तरुणांचा होता. या नृत्यगृहाच्या नावातूनच 'हाऊस' ही संज्ञा रूढ झाली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. चार मात्रांच्या प्रत्येक आवर्तनात प्रत्येक मात्रेवर पडणारा किक ड्रमचा ठोका आणि मिनिटाला सुमारे १२० ठोक्यांची गती, हा या संगीताचा सांगाडा होय.

लॅरी हर्ड हे मूळचे ड्रमवादक. 'मिस्टर फिंगर्स' या नावाने त्यांनी १९८६ साली 'कॅन यू फील इट' ही रचना प्रसिद्ध केली आणि या सांगाड्याला वेगळे वळण दिले. या रचनेत सिंथेसायझरवरील जॅझच्या वळणाचे स्वरसमूह संथपणे पुढे सरकतात आणि खर्जातील एक छोटी ओळ पुनःपुन्हा येत राहते. रचना कोठेही शिखर गाठत नाही. तथापि ती स्थिरही नसते. झांजेचा एखादा ठोका मध्येच येतो, एखादा स्वर किंचित लांबतो आणि ऐकणाऱ्याचे लक्ष आत ओढले जाते. मर्ढेकरांच्या परिभाषेत बोलायचे, तर येथे संवादलय प्रधान असून विरोध अत्यल्प आहे. पण तो अत्यल्प असल्यामुळेच सूक्ष्मपणे जाणवतो. विरोधाचे प्रमाण घटविल्याने लहानशा बदलालाही वजन येते. 'डीप' या विशेषणाचा रचनागत अर्थ हा आहे. 'उदास' किंवा 'मंद' असा त्याचा अर्थ करणे वरवरचे ठरते.

नव्या प्रकाशनांचे स्वरूप

हर्ड यांचा 'सेरेब्रल हेमिस्फिअर्स' (२०१८) हा संग्रह त्यांच्याच 'अलिव्हिएटेड' या संस्थेने काढला. 'मिस्टर फिंगर्स' या नावाने दोन दशकांहून अधिक काळाने आलेला हा संग्रह आहे. जॅझच्या अंगाने जाणाऱ्या संथ रचना आणि 'इनर ॲसिड'सारख्या करकरीत रचना त्यात एकत्र येतात. स्वतंत्रपणे पाहता काही संथ रचना पार्श्वसंगीताच्या पातळीवर उतरतात, हे मान्य करावे लागेल. संग्रह सलग ऐकला असता मात्र संथ आणि करकरीत यांच्यातील विरोध संपूर्ण कृतीच्या पातळीवर समतोल साधतो. एका रचनेत टाळलेला विरोध येथे संग्रहाच्या मांडणीत आला आहे.

केरी चँडलर यांचा 'स्पेसेस अँड प्लेसेस' (२०२२) हा प्रयोग अधिक मूलगामी आहे. निरनिराळ्या नृत्यगृहांत जाऊन, तेथील ध्वनियंत्रणेवर ऐकत त्यांनी या रचना सिद्ध केल्या. खर्जाचा स्वर कोणत्या भिंतीवरून कसा परततो, हे येथे रचनेचे द्रव्य बनते. मराठीत 'खोली' हा शब्द गहनता आणि कक्ष असे दोन्ही अर्थ वाहतो. चँडलर यांच्या कामाचे वर्णन करण्यास याहून नेमका शब्द सापडणे कठीण.

याउलट मेलोडिक प्रवाहाची ओढ उंचीकडे आहे. जर्मन संगीतकार बेन ब्योमर यांचे २०२० साली प्रसारित झालेले वादन तुर्कस्तानातील कापादोकिया येथे तरंगत्या उष्णवायूच्या फुग्यातून झाले. इटालियन-अमेरिकन संगीतकार मातेओ मिलेरी यांनी 'अनिमा' या नावाने 'जेनेसिस' (२०२३) प्रसिद्ध केला आणि २०२४ च्या डिसेंबरअखेर लास व्हेगासमधील 'स्फिअर' या महाकाय पडद्याच्या वास्तूत प्रयोग केले. या प्रवाहातील रचनांची घडण साधारणतः ठरलेली असते. ठोका थांबतो, धून एकटी वर चढत जाते, अपेक्षा ताणली जाते आणि ठोका पुन्हा कोसळतो. येथे विरोधलय प्रधान आहे. हा मार्ग मुळात गौण नव्हे. समेकडे येण्याची प्रतीक्षा भारतीय श्रोत्यालाही परकी नाही. तथापि गायक समेवर येण्याची वाट दर आवर्तनात नव्याने शोधतो, तर अनिमाच्या रचनांत ही वाट बहुधा आधीच आखलेली असते आणि तिचा खरा भार पडद्यावरील प्रतिमा वाहतात. प्रतिमा वगळून ऐकल्यास विरोध उरतो, समतोल उणा पडतो.

ब्योमर यांचा 'ब्लूम' (२०२४) या दृष्टीने लक्षणीय आहे. हा संग्रह गीतरूपाकडे झुकतो. पाहुण्या गायकांच्या आवाजामुळे धुनीला केवळ चढत जाण्याखेरीज अन्य काम मिळते. काही ठिकाणी हळवेपणाचा अतिरेक होतो. परंतु उंची गाठल्यानंतर तेथे काय करायचे, हा प्रश्न या संग्रहाने स्वतःला विचारला आहे.

लयविचाराची मर्यादा

केवळ लयीच्या निकषावर हे विवेचन थांबविणे मात्र अपुरे ठरेल. 'बीटपोर्ट' या विक्रीमंचाने २०१८ साली 'मेलोडिक हाऊस अँड टेक्नो' हा स्वतंत्र वर्ग सुरू केला. अशा वर्गवारीने शोध सुलभ होतो; पण एका समाजाने स्वतःच्या आश्रयासाठी घडविलेले संगीत त्याच ओघात मनःस्थितीचे लेबल बनून इतिहासापासून सुटे होते. हर्ड आणि गायक रॉबर्ट ओवेन्स यांनी आपल्या सुरुवातीच्या रचनांच्या हक्कांसाठी 'ट्रॅक्स रेकॉर्ड्स'विरुद्ध २०२० साली दावा दाखल केला. २०२२ साली तडजोड होऊन ते हक्क त्यांच्याकडे परत आले. 'कॅन यू फील इट' तोवर छत्तीस वर्षांची झाली होती. ज्या रचनेवरून एक संपूर्ण प्रकार ओळखला जातो, तिच्या कर्त्याला स्वामित्वासाठी इतका काळ थांबावे लागावे, ही बाब सौंदर्यविचाराच्या बाहेरची मानता येणार नाही. लयसिद्धांत कृतीची अंतर्गत व्यवस्था उलगडतो. ती कृती कोणाची, या प्रश्नाला त्यात जागा नाही.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते, की खोली आणि उंची या दोन्ही दिशा नृत्यसंगीताला उपलब्ध आहेत आणि त्यांपैकी कोणतीही स्वभावतः श्रेष्ठ नाही. हर्ड आणि चँडलर लहान बदलाला मोठे वजन देतात, म्हणून त्यांची पुनरावृत्ती जिवंत राहते. मेलोडिक प्रवाहातील पुष्कळ रचना मोठ्या बदलालाही वजन देऊ शकत नाहीत, कारण तो अपेक्षितच असतो. पुनरावृत्ती हा दोष नसून कसोटी आहे. वर्गातील विद्यार्थी जे ऐकतो त्याला 'गोंगाट' म्हणून बाजूला सारण्यापेक्षा, त्यातील कोणती पुनरावृत्ती श्रोत्याला जागे करते आणि कोणती निजवते, हा भेद त्याच्यासमोर मांडणे अध्यापकाला शक्य आहे. त्यासाठी लागणारी परिभाषा मराठी सौंदर्यविचारात १९५५ पासून उपलब्ध आहे.